मोटारीच्या इंजिनाची अस्थिर चाल : कारणें व उपाय

चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या दारांत उभी असलेली मोटार ही आतां चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. बियाणें व खत आणणें, धानाचा नमुना व्यापाऱ्यास दाखविणें, मुलांस परीक्षेच्या गांवीं पोंचविणें आणि विशेषतः रात्री-अपरात्रीं दुखणाइतास दवाखान्यांत नेणें, हीं सर्व कामें तिच्यावर अवलंबून असतात. सिरोंच्याहून गडचिरोली हें जिल्ह्याचें ठिकाण सुमारें २०० किलोमीटर दूर असून मधला बराच मार्ग अरण्यांतून जातो. भामरागडचा संपर्क तर पर्लकोटेच्या पुरामुळें किती तरी पावसाळ्यांत तुटलेला सर्वांनीं पाहिला आहे. अशा मुलखांत गाडी वाटेंत बंद पडणें ही केवळ गैरसोय नव्हे. परंतु बंद पडणारी गाडी बहुधा आधीं कित्येक दिवस सूचना देत असते, व ती सूचना म्हणजे उभ्या गाडीच्या इंजिनाची बिघडलेली चाल होय. ही सूचना ओळखावी कशी आणि ओळखल्यावर कोणत्या क्रमानें तपास करावा, हें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रिकामी चाल म्हणजे काय

गाडी उभी आहे, गिअर सुटलेला आहे व ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला आहे, अशा स्थितींत इंजिन ज्या संथ गतीनें चालू राहतें, तिला गॅरेजांतील मंडळी ‘आयडलिंग’ किंवा ‘स्लो’ म्हणतात. आम्ही तिला रिकामी चाल म्हणूं. पेट्रोलच्या बहुतेक गाड्यांत, इंजिन तापल्यावर, ही चाल मिनिटास ७०० ते ९०० फेरे इतकी असते. जर्मनींत निकोलाउस ऑटो यानें १८७६ सालीं जें चार टप्प्यांचें इंजिन चालवून दाखविलें, त्याच तत्त्वावर आजचीही मोटार चालते. हवा व इंधन आंत ओढणें, तें दाबणें, पेटविणें व धूर बाहेर टाकणें, हे ते चार टप्पे. त्यामुळें प्रत्येक सिलिंडर दर दोन फेऱ्यांस एकदां पेटतो. चार सिलिंडरांचें इंजिन ८०० फेऱ्यांनीं चालत असेल तर प्रत्येक सिलिंडर मिनिटास ४०० वेळां, व सर्व मिळून १६०० वेळां पेटतात.

यांतील एखादा सिलिंडर नीट पेटेनासा झाला तर वेगानें धांवणाऱ्या गाडींत तें पुष्कळदां कळत नाहीं. फिरत्या चाकाचा जोर ती उणीव झांकतो. चार बैलांच्या औतांतील एक बैल अंग चोरूं लागला तर हलक्या जमिनींत तें ध्यानांत येत नाहीं, पण चिकण मातींत औत अडखळतांच कळून येतें. तसेंच हें आहे. रिकाम्या चालींत जोर थोडा व गति मंद असल्यानें प्रत्येक चुकलेला ठोका अंगास जाणवतो. म्हणून रिकामी चाल ही इंजिनाची नाडीच समजावी.

प्रत्येक थरथर हा मात्र रोग नव्हे. थंड इंजिन प्रथम एक दोन मिनिटें मुद्दाम अधिक वेगानें चालतें. थंड हवेचें यंत्र सुरू होतांना चाल क्षणभर दबते व पुन्हां सावरते. हल्लींच्या अनेक लहान गाड्यांस तीनच सिलिंडर असतात व त्यांची चाल चार सिलिंडरांच्या गाडीहून स्वभावतःच थोडी अधिक थरथरते. आपली गाडी निरोगी असतां कशी चालते, हें ज्यानें लक्ष देऊन ऐकलें आहे, त्यालाच ती आजारी झाल्याचें वेळेवर कळतें.

हत्यार हातीं घेण्यापूर्वीं

बॉनेट उघडण्याच्या आधीं पांच प्रश्नांचीं उत्तरें वहींत लिहून ठेवावीं. (१) चाल थंड इंजिनावर बिघडते कीं तापल्यावर? (२) ठोका नियमित चुकतो कीं चाल वर-खालीं झोके घेते? (३) थोडा ॲक्सिलरेटर दिला असतां ती सुधारते काय? (४) समोरच्या फळीवरील इंजिनाचा पिंवळा दिवा लागला आहे काय? (५) विकार कशानंतर सुरू झाला — पेट्रोल भरल्यावर, गाडी धुतल्यावर, पावसांत उभी राहिल्यावर, कीं दुरुस्तीहून आल्यावर? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. दुरुस्तीनंतर लगेच विकार जडला असेल तर तेथें हात लागलेली एखादी नळी किंवा वायर नीट बसली नाहीं, असें प्रथम समजावें.

इंजिनाचा दिवा स्थिर पेटत असेल तर लौकर तपासणी करावी. तो उघडझांप करीत असेल तर सिलिंडर मोठ्या प्रमाणावर चुकत आहे असें जाणावें, आणि गाडी जोरानें हांकूं नये. न जळलेलें पेट्रोल धुराच्या नळींत जाऊन तेथील धूर शुद्ध करणाऱ्या भांड्यांत जळतें. तें भांडें फार तापतें व निकामी होतें, आणि त्याची किंमत चांगल्या कॉइलच्या कितीतरी पट असते. आमच्या मुलखांत याहून मोठेंही एक भय आहे. फेब्रुवारीपासून मेपर्यंत जंगलांत वाळलेला पालापाचोळा पसरलेला असतो. अशा वेळीं तापलेल्या धूरनळीची गाडी पाल्यावर, वाळल्या गवतावर किंवा खळ्यांतील तणशीवर उभी केल्यास आग लागूं शकते. चुकत्या इंजिनाची गाडी नेहमीं मोकळ्या भुईवरच उभी करावी.

नव्या गाड्यांत हांकणाऱ्याच्या बाजूस, फळीखालीं, तपासणीचें एक ठराविक खांचेचें तोंड असतें. त्यांत लहानसा स्कॅनर लावला कीं इंजिनानें नोंदलेला दोषाचा आंकडा वाचतां येतो. पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर चुकतो, पी ०३०२ म्हणजे दुसरा, व याप्रमाणें पुढें. पी ०३०० म्हणजे ठोके कोणत्याही एका सिलिंडरांत न चुकतां निरनिराळ्या सिलिंडरांत चुकतात. पी ०१७१ म्हणजे हवा अधिक व इंधन कमी पडतें. आंकडा वाचण्यापूर्वीं बॅटरीची वायर काढूं नये. काढल्यास बहुधा ही नोंद पुसली जाते व तपास आंधळा होतो. आंकडा दोषाची जागा सुचवितो, कारण सांगत नाहीं, हेंही लक्षांत ठेवावें. ‘पहिला सिलिंडर चुकतो’ याचा अर्थ पहिला प्लगच वाईट, असा होत नाहीं.

सावधगिरी

हात घालण्यापूर्वीं दोन शब्द सुरक्षिततेविषयीं. बंद पडवींत किंवा गोठ्यांत इंजिन चालू ठेवूं नये. त्याच्या धुरांतील विषारी वायूस रंग नाहीं व वास नाहीं, आणि त्यानें माणूस झोपल्याजागीं मरतो. हँडब्रेक ओढून चाकांस दगड लावावे. धोतराचा सोगा, उपरणें किंवा पदर पट्ट्याजवळ येऊं देऊं नये. हल्लींचा पंखा विजेवर चालतो व इंजिन बंद केल्यावरही आपोआप फिरूं लागतो. पेट्रोलजवळ विडी पेटवूं नये, हें सांगावयास नकोच.

क्रमानें तपास

इंजिनास चार गोष्टी लागतात : योग्य प्रमाणांत हवा, योग्य प्रमाणांत इंधन, वेळेवर ठिणगी, आणि पुरेसा दाब. पहिल्या तीन तपासण्यास खर्च थोडा व चौथीस अधिक. म्हणून स्वस्त तपास आधीं करावा.

पहिला : उंदीर. धानाच्या मुलखांत हें कारण सर्वांच्या आधीं पाहावें. कापणीनंतर बांधींतील उंदीर खळ्याकडे व घराकडे वळतात. ढोलीजवळ उभ्या केलेल्या गाडीचें बॉनेट त्यांस ऊबदार बीळच होतें. ते वायरींचें आवरण व रबराच्या नळ्या कुरतडतात, आणि हवेच्या फिल्टराच्या डब्यांत तणशीचें घरटें करितात. विजेरी घेऊन प्रत्येक वायर व नळी टोंकापासून टोंकापर्यंत पाहावी. लेंड्या, कापसासारखा चुरा किंवा ओरखडे दिसले तर चोर सांपडलाच. गाडी धान्यापासून दूर ठेवावी, रात्रीं बॉनेट उघडें ठेवावें व तीं ठिकाणें स्वच्छ राखावीं. बॉनेटमध्यें विषाची गोळी ठेवूं नये. मेलेला उंदीर आंत कुजतो व विष घरांतील मुलांच्या किंवा जनावरांच्या तोंडीं जाण्याचें भय राहतें.

दुसरा : चोरून शिरणारी हवा. रिकाम्या चालींत हवेचें दार जवळ जवळ बंद असतें, म्हणून आंतील नळ्यांत ओढ मोठी असते. एखादी नळी फुटली किंवा निसटली तर मापाबाहेरची हवा आंत शिरते, मिश्रण पातळ होतें व चाल झोके घेऊं लागते. पुष्कळदां सूं-सूं असा आवाजही येतो. ॲक्सिलरेटर दिल्यावर चाल सुधारते, ही याची खूण. एकेक रबरी नळी चिमटींत दाबून पाहावी. जी दाबतांच चाल बदलते तिच्या वाटेवर दोष शोधावा. सांध्यावर साबणाचें पाणी थोडें शिंपडूनही हीच परीक्षा करितां येते, मात्र विजेच्या जोडांवर तें पडूं देऊं नये. तापल्या इंजिनावर पेट्रोल शिंपडण्याची जी रीत कोठें कोठें चालते, ती प्राणघातक आहे.

तिसरा : हवेचें दार व फिल्टर. मुरमाचे रस्ते, चंद्रपूर-बल्लारपूरकडील कोळशाची भुकटी, एटापल्ली-आलापल्लीच्या बाजूस लोहखनिजाच्या मालमोटारींमुळें उडणारी लाल धूळ आणि मळणीचा भुसा, या सर्वांमुळें आमच्याकडील फिल्टर पुस्तकांत लिहिलेल्या मुदतीच्या आधींच भरतो. नुसत्या मळलेल्या फिल्टरानें नव्या गाडीची रिकामी चाल क्वचितच बिघडते. त्याचा परिणाम चढावर जोर कमी होण्यांत दिसतो. परंतु फाटलेल्या फिल्टरांतून धूळ थेट सिलिंडरांत जाते व त्याची झीज करिते. कागदी फिल्टर पाण्यानें धुवूं नये. तो हलक्या हातानें झटकावा, अथवा आंतल्या बाजूनें मंद वारा द्यावा, आणि फाटला असल्यास टाकून द्यावा.

हवेच्या दारावर मात्र कालांतरानें काळा चिकट मळ बसतो. रिकाम्या चालीस लागणारी हवा त्याच्या कडेच्या बारीक फटींतून जाते. ती फट बुजली कीं चाल मंदावते व गाडी थांबतां थांबतां बंद पडते. हें दार त्यासाठीं मिळणाऱ्या फवाऱ्यानें व मऊ फडक्यानें, इंजिन व चावी दोन्ही बंद असतां, पुसावें. दार विजेवर चालणारें असेल तर तें बोटानें जोर करून उघडूं नये. पुसल्यावर कांहीं गाड्यांस आपली चाल नव्यानें शिकवावी लागते. तिची कृति गाडीच्या पुस्तकांत असते.

चौथा : ठिणगी. ठोका नियमितपणें चुकत असेल व चढावर तो वाढत असेल तर प्रथम ठिणगीचा संशय घ्यावा. थंड इंजिनावर प्लग काढून क्रमानें मांडावे. टोंक फिकट बदामी असेल तर सिलिंडर निरोगी. कोरडी काजळी असेल तर इंधन अधिक अथवा ठिणगी दुबळी. तेलकट असेल तर आंत ऑइल शिरत आहे. पांढरें पडलें असेल तर मिश्रण पातळ किंवा उष्णता फार. प्लगाच्या फटीचें माप गाडीच्या पुस्तकांत पाहून जुळवावें.

ज्या गाड्यांत प्रत्येक प्लगावर स्वतंत्र कॉइल असते, त्यांत एक फुकटची परीक्षा आहे. समजा, पहिला सिलिंडर चुकतो असा आंकडा आला. पहिल्याची कॉइल तिसऱ्यावर व तिसऱ्याची पहिल्यावर लावावी, आंकडा पुसावा व गाडी चालवावी. आतां तिसरा सिलिंडर चुकूं लागला तर कॉइलच वाईट हें सिद्ध झालें. दोष पहिल्यावरच राहिला तर कॉइल निर्दोष ठरली. मग तीच अदलाबदल प्लगाची करावी. चालू इंजिनाची प्लगाची वायर ओढून पाहण्याची जुनी रीत सोडावी. तींत हजारों व्होल्टांचा झटका बसतो. रोवणीच्या दिवसांत चिखलानें भरलेलें इंजिन पाण्याच्या जोरकस धारेनें धुतल्यास प्लगाच्या खांचांत पाणी राहतें व चाल बिघडते. असें झाल्यास पाणी टिपून तें कोरडें होऊं द्यावें. नवे भाग घेण्याची घाई करूं नये.

पांचवा : इंधन. देशांत पेट्रोलमधील इथेनॉलचें प्रमाण २०२५ सालीं शेंकडा २० पर्यंत आलें. हा इथेनॉल ऊंस, मका व तांदूळ यांपासून होतो, म्हणजे त्याचा व शेतकऱ्याचा संबंध आहेच. परंतु त्याचा एक गुण मोटारवाल्यानें जाणला पाहिजे : तो पाण्यास आपल्यांत घेतो. थोडें पाणी त्यांत विरून जातें व बाधत नाहीं. मर्यादेबाहेर झालें कीं पाणी व इथेनॉल मिळून खालीं बसतात. पंप टाकीच्या तळाशींच असल्यानें प्रथम तेंच इंजिनांत जातें. पावसाळ्यांत अर्धवट टाकीनें महिनोन्महिने उभी राहिलेली गाडी, आणि दुर्गम गांवांत कॅनमधून किंवा बाटलींतून घेतलेलें पेट्रोल, हीं याचीं दोन ठळक कारणें. स्वच्छ कांचेच्या बाटलींत थोडें पेट्रोल घेऊन सावलींत स्थिर ठेवावें. दोन थर दिसले किंवा तें गढूळ राहिलें तर टाकी रिकामी करून धुवावी. गाडी बराच काळ उभी ठेवावयाची असेल तर टाकी भरलेली ठेवावी. जुन्या गाडीस असें पेट्रोल चालतें कीं नाहीं तें तिच्या पुस्तकांत पाहावें, आणि रबरी नळ्या मऊ किंवा भेगाळलेल्या नाहींत ना, याची वर्षांतून दोनदां खात्री करावी.

सहावा : इंजिनाचे रबरी आधार. फेऱ्यांचा कांटा स्थिर आहे, ठोकाही चुकत नाहीं, पण स्टीअरिंग व आसन थरथरतें, असें असेल तर इंजिन निर्दोष असून त्याखालचे रबरी आधार खचले आहेत असें समजावें. खड्ड्यांच्या रस्त्यांत हें पुष्कळ घडतें. नाला ओलांडतांना दगड लागून खालचा पत्रा धूरनळीस चिकटला असला तरी असाच भास होतो. येथें प्लग व कॉइल बदलण्यांत घातलेला प्रत्येक रुपया वायां जातो.

सातवा : दाब. वरील सर्व ठीक असूनही एक सिलिंडर दुबळाच राहिला तर गॅरेजमध्यें दाबाचें माप घ्यावें. एका सिलिंडराचा दाब इतरांहून बराच कमी आला तर त्यांत चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हां मापावें. दाब वाढला तर रिंगा झिजल्या. न वाढला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहींत, किंवा हेडचें गॅस्केट गेलें आहे. रेडिएटरमधील पाणी कमी होत असेल व पांढरा धूर येत असेल तर गॅस्केटचा संशय बळावतो, आणि मग गाडी चालवूंच नये.

डिझेलच्या व जुन्या गाड्या

डिझेल इंजिनांत प्लगाची ठिणगी नसते. तेथें फिल्टरांतील पाणी, नळींत शिरलेली हवा व बिघडलेला इंजेक्टर हीं मुख्य कारणें. फिल्टराखालील पेचांतून पाणी वेळोवेळीं काढावें. ट्रॅक्टरासही हाच नियम लागू आहे. नव्या डिझेल गाड्यांच्या इंजेक्टराच्या नळ्या इंजिन चालू असतां कधींही सैल करूं नयेत. त्या धारेचा दाब इतका असतो कीं ती कातडी भेदून आंत शिरते.

कार्ब्युरेटरच्या जुन्या जीपा अजून कोठें कोठें आहेत. त्यांची चाल बिघडतांच पेच पिळून ती वाढविण्याची अनेकांस संवय असते. त्यानें रोग झांकतो, बरा होत नाहीं. आधीं नळ्या, प्लग व जेटांतील कचरा पाहावा, आणि मगच तापल्या इंजिनावर पेचास हात लावावा. पेच मूळचा किती फिरविलेला होता तें मोजून लिहावें, म्हणजे परत येण्याची वाट राहते.

गॅरेजमध्यें काय सांगावें

‘गाडी थरथरते, बघा’ एवढेंच सांगून चावी देणारा मालक नवे प्लग, नवी कॉइल, नवा पंप अशा एकामागून एक बिलांस तयार असावा. वहींतील पांच उत्तरें, स्कॅनरचा आंकडा व आपण केलेले तपास हीं कारागिरापुढें ठेवावीं. कोणता भाग बदलावयाचा व कोणत्या परीक्षेनें तो वाईट ठरला, हें विचारावें, आणि जुना भाग परत मागावा. प्रामाणिक कारागिरास या प्रश्नांचा राग येत नाहीं. उलट त्याचें काम सोपें होतें.

वर्षाचें वेळापत्रक शेतीच्या कामांसच जोडावें. मृगापूर्वीं नळ्या, प्लगाच्या खांचा व पेट्रोलची टाकी पाहावी. मळणी आटोपल्यावर उंदरांचा माग व हवेचा फिल्टर पाहावा. मोहफुलांच्या दिवसांपूर्वीं धूरनळी व इंजिनाचा दिवा यांकडे लक्ष द्यावें. प्रत्येक खेपेस तासाभराहून अधिक वेळ लागत नाहीं.

नागभीड तालुक्यांतील नांदेड गांवचे दादाजी खोब्रागडे यांनीं १९८३ च्या सुमारास आपल्या बांधींतील निराळ्या दिसणाऱ्या लोंब्या बाजूस काढल्या, व वर्षानुवर्षें त्यांवर नजर ठेवून एचएमटी हें धान पुढें आणलें. बारकाईनें पाहणें हा आमच्या शेतकऱ्याचा जुना गुण आहे. तोच बॉनेटखालीं वापरला तर बरेचसे दोष घरच्या अंगणांतच सांपडतील, आणि जे सांपडणार नाहींत ते तरी गाडी मध्यरात्रीं अरण्यांत अडकण्यापूर्वीं कारागिराच्या हातीं जातील.